खलनायकासाठी डोळ्यांत पाणी?

बालमित्रांनो, कार्टून बघताना आपली बाजू आधीच ठरलेली असते, होय ना? नायक आला की टाळ्या! खलनायक खदाखदा हसत आला की, "थांब, आता बघ तुझी कशी जिरते!" शेवटी तो पकडला गेला की आपण खूश. मग टीव्ही बंद, हातपाय धुऊन जेवायला!

पण कधी असं झालंय का, की खलनायक पकडला गेला आणि तुम्हांला आनंदच झाला नाही? उलट घशात काहीतरी दाटून आलं? शेजारी बसलेल्या भावाला कळू नये म्हणून तुम्ही हळूच डोळे पुसले?

झालं असेल तर अजिबात लाजू नका. जगभरच्या मुलांचं असं झालेलं आहे, आणि मोठ्या माणसांचंही! एका कार्टूनमधल्या एका खलनायकाने तर ही किमया अवघ्या वीस-बावीस मिनिटांत केली. त्याचं नाव मिस्टर फ्रीझ. आज त्याचीच गोष्ट सांगणार आहे. गोष्टीनंतर एक अवघड प्रश्नही विचारणार आहे. तयार? चला तर!

आधीचा मिस्टर फ्रीझ

बॅटमन तुम्हांला माहीत आहेच. वटवाघळासारखा पोशाख करून रात्री गॉथम नावाच्या शहरात गुन्हेगारांना पकडणारा. बॉब केन आणि बिल फिंगर या दोघा अमेरिकन कलावंतांनी त्याला जन्म दिला, आणि १९३९ साली तो पहिल्यांदा चित्रकथेत छापून आला. गंमत बघा, त्याच्याकडे जादूची कुठलीही शक्ती नाही. बुद्धी, कसरत आणि चिकाटी एवढ्याच जोरावर तो लढतो.

त्याच्या शत्रूंची यादी मात्र मारुतीच्या शेपटासारखी लांबच लांब! त्यांतला एक १९५९ साली आला. तेव्हा त्याचं नाव होतं मिस्टर झीरो. गोठवणाऱ्या बंदुकीचा प्रयोग करताना अपघात झालेला, त्यामुळे सतत थंडीतच राहावं लागणारा एक चोर. हिरे-माणकं चोरायची आणि बॅटमनकडून मार खायचा, एवढंच त्याचं काम. पुढे १९६६ साली अमेरिकेत बॅटमनची दूरदर्शन मालिका सुरू झाली, तिथे तो मिस्टर फ्रीझ झाला. त्याला बघून लोक हसायचे. त्याच्यासाठी रडावं असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल!

मग १९९२ साल उजाडलं. 'बॅटमन : द ॲनिमेटेड सिरीज' ही कार्टून मालिका सुरू झाली. या मालिकेची एक खासियत सांगते. एरवी पार्श्वभूमीची चित्रं पांढऱ्या कागदावर रंगवतात. इथे ती काळ्या कागदावर रंगवली! त्यामुळे सगळं गॉथम शहर अंधारातून वर आल्यासारखं दिसतं. याच मालिकेत सप्टेंबर १९९२ मध्ये एक भाग दाखवला गेला, 'हार्ट ऑफ आइस', म्हणजे बर्फाचं काळीज. लेखक पॉल डिनी, दिग्दर्शक ब्रूस टिम. आणि या भागात तो जुना हास्यास्पद चोर एकदम माणूस झाला!

बर्फाच्या काळजाची गोष्ट

गॉथममध्ये कडक उन्हाळा चालू आहे. आणि अशा उकाड्यात दरोडे पडताहेत बर्फाचे! दरोडेखोर अंगात जाडजूड थंडगार पोशाख घालतो, डोक्यावर काचेचा घुमट. हातातल्या बंदुकीतून असा झोत सोडतो की समोरचं सगळं क्षणात गोठून जातं. बॅटमनच्या लक्षात येतं, की चोरीला गेलेली यंत्रं गॉथकॉर्प या एकाच कंपनीची आहेत. त्या कंपनीचे मोठे साहेब म्हणजे फेरिस बॉइल. सगळीकडे नाव, आणि जनसेवेबद्दल त्यांचा सत्कारसुद्धा होणार आहे.

पुढे बॅटमन गॉथकॉर्पमध्ये गुपचूप शिरतो आणि त्याला एक जुनी व्हिडिओ टेप सापडते. टेपमध्ये दिसतो डॉक्टर व्हिक्टर फ्रीस. हा त्याच कंपनीतला शास्त्रज्ञ. त्याची बायको नोरा बरी न होणाऱ्या आजाराने अंथरुणाला खिळलेली. औषध सापडेपर्यंत तिला जगवायचं कसं? व्हिक्टर तिला एका यंत्रात गोठवून ठेवतो. (हे गोष्टीतलं बरं का! काही सुट्या पेशी अतिशय कमी तापमानात साठवता येतात, पण अख्खा माणूस गोठवून पुन्हा जिवंत करणं आजही कुणाला जमलेलं नाही. पाण्याचा बर्फ होताना त्याचे स्फटिक बनतात आणि ते शरीरातल्या नाजूक पेशींची नासधूस करतात.)

तेवढ्यात बॉइलसाहेब शिपाई घेऊन येतात. कंपनीचा पैसा वाया जातोय, यंत्र बंद करा! व्हिक्टर गयावया करतो. यंत्र बंद केलं तर नोरा मरेल, हे परोपरीने सांगतो. कुणी ऐकत नाही. तेव्हा तो एका शिपायाची बंदूक हिसकावतो. बॉइलसाहेब गोड बोलून त्याला शांत करतात, आणि त्याने बंदूक खाली करताच त्याला लाथ मारतात. व्हिक्टर रसायनांच्या टेबलावर जाऊन आदळतो. रसायनं अंगावर सांडतात, यंत्राची नासधूस होते. टेप संपते.

त्या दिवसापासून व्हिक्टरचं शरीर नेहमीच्या हवेत जगू शकत नाही. म्हणून तो थंडगार पोशाख! बायको गेली असं तो समजून चालतो. आता त्याच्या डोक्यात एकच गोष्ट उरली आहे. सूड!

टेप बघून संपते तेव्हा बॅटमनसुद्धा हादरून जातो. आपली काय कथा!

आपण का विरघळतो?

आता जरा थांबू या. थोड्या वेळापूर्वी आपण याच माणसाला चोर म्हणत होतो. मग एकदम आपलं मन कसं फिरलं? लेखकाने आणि चित्रकारांनी काय काय केलं ते बघा.

पहिली गोष्ट, त्यांनी टेप उशिरा दाखवली. आधी आपल्याला फक्त बर्फाचे दरोडे दिसतात. आपण मनात निकाल देऊन टाकतो. मग कारण कळतं, आणि आपण दिलेला निकाल आपल्यालाच टोचायला लागतो.

दुसरी गोष्ट, त्याचा आवाज. मायकेल अन्सारा या अभिनेत्याने फ्रीझला आवाज दिला. तो ओरडत नाही, रडत नाही. अगदी सपाट, थंड आवाजात बोलतो. तो रडत नाही म्हणूनच आपल्याला रडू येतं! घरात एखादं माणूस फार दुःखात असताना गप्प गप्प होतं ना, तसं.

तिसरी गोष्ट, एक छोटीशी वस्तू. फ्रीझजवळ एक काचेचा गोळा आहे. त्यात नाचणाऱ्या मुलीची बाहुली, आणि गोळा हलवला की तिच्याभोवती बर्फाचे कण भुरभुरतात. तो त्या बाहुलीशी नोरा समजून बोलतो. भाग सुरू होतो तो या गोळ्याने, आणि संपतोही याच गोळ्याने.

चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्याला हवं काय आहे? सोनं-नाणं नको. जगावर राज्य नको. उन्हाळ्याच्या दिवशी गरम वारा चेहऱ्यावर घेत, आपल्या माणसाचा ऊबदार हात धरून चालायचं, एवढंच त्याने गमावलेलं आहे. मे महिन्यात आपण "शी, किती उकडतंय!" म्हणून कुरकुरतो. त्या उकाड्यासाठी हा माणूस तळमळतो. जे आपल्याला फुकट मिळतं तेच त्याला कधी मिळणार नाही. मग काळीज हलणार नाही तर काय!

आणि जो खरा दोषी, तो तर हार-तुरे घ्यायला निघालाय. हा अन्याय आपल्याला सहन होत नाही. आपण मनात म्हणायला लागतो, "फ्रीझ, सोडू नकोस त्याला!"

पाय गोठलेला माणूस

बस्स! इथेच थांबा. या गोष्टीतला एक प्रसंग मी मुद्दाम मागे ठेवला होता.

एका दरोड्यात फ्रीझच्या बंदुकीचा झोत त्याच्याच एका साथीदाराला लागतो. त्या बिचाऱ्याचे पाय बर्फात गोठतात. तो मदत मागतो. फ्रीझ त्याच्याकडे वळूनही बघत नाही, त्याला तसाच टाकून निघून जातो. त्याला उचलून नेतो आणि उपचार करतो तो कोण? बॅटमन!

आमच्या वर्गात एका रिकाम्या तासाला मी ही गोष्ट सांगितली होती. लगेच वर्गाचे दोन तट पडले. अर्धी मुलं म्हणाली, "बाई, फ्रीझला सोडून द्यायला हवं होतं." उरलेली म्हणाली, "असं कसं? दरोडे घातले ना त्याने!" चांगलीच जुंपली. तेवढ्यात शेवटच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, त्या पाय गोठलेल्या माणसाच्या घरी कोण होतं, ते दाखवलंय का?"

वर्ग एकदम चिडीचूप!

खरंच की! नाही दाखवलं. त्याची टेप कुणी काढलीच नाही. त्याच्या घरी वाट बघणारी आई असेल, बायको असेल, तुमच्याएवढी मुलगी असेल. आपण फ्रीझची टेप बघितली म्हणून आपल्याला फ्रीझचं दुःख कळलं. ज्याची टेप बघितली नाही त्याला दुःखच नाही, असं थोडंच असतं?

आता मुद्दा नीट लक्षात घ्या. व्हिक्टरने गयावया केली तेव्हा बॉइलने ऐकलं नाही. साथीदाराने मदत मागितली तेव्हा फ्रीझने ऐकलं नाही. दोघांत फरक काय राहिला? ज्याने आपल्यावर अन्याय केला, त्याच्यासारखेच आपण होऊन बसलो! पुढे तर फ्रीझ सत्काराच्या रात्री गॉथकॉर्पच्या इमारतीवर प्रचंड मोठी गोठवणारी तोफ रोखतो. आत काय एकटा बॉइल आहे? नाही, माणसांनी भरलेली इमारत आहे. त्यांतल्या कितीजणांनी नोराचं नावसुद्धा ऐकलेलं नसेल.

बॅटमन काय करतो?

बॅटमनचं बालपण आठवतंय? तो लहान असतानाच त्याच्या आईवडिलांना एका गुंडाने त्याच्या डोळ्यांदेखत गोळ्या घातल्या. म्हणजे जिवाभावाचं माणूस जाणं काय असतं, हे त्याला फ्रीझइतकंच ठाऊक आहे. दुःख दोघांनाही झालं. एकाने ठरवलं, मला जे सोसावं लागलं ते सगळ्यांना सोसायला लावीन. दुसऱ्याने ठरवलं, मला जे सोसावं लागलं ते दुसऱ्या कुणाला सोसावं लागू नये.

फ्रीझला पकडायचं कसं, ही युक्ती मोठी मजेदार आहे. त्या दिवशी बॅटमनला सर्दी झालेली असते! त्याची काळजी घेणारा आल्फ्रेड थर्मासमध्ये गरम सूप भरून देतो, आणि बॅटमन तेच सूप फ्रीझच्या काचेच्या घुमटावर मारतो. थंड काच, त्यावर कढत सूप. काच तडकली! (थंडगार काचेच्या ग्लासात एकदम उकळता चहा ओतला तर ग्लास तडकतो ना, तसंच. काच एकीकडे पटकन प्रसरण पावते, दुसरीकडे नाही.)

पण बॅटमनचं काम तिथे संपत नाही, बरं का. अर्धवट गोठलेल्या बॉइलला तो वाचवतो, आणि ती टेप एका वार्ताहर बाईच्या हाती देतो. म्हणजे फ्रीझ तुरुंगात गेला आणि बॉइल हार घालून घरी गेला, असं त्याने होऊ दिलं नाही. सूड वेगळा आणि न्याय वेगळा, तो असा!

शेवटी फ्रीझ कोठडीत बसलेला दिसतो. हातात तोच काचेचा गोळा. नोराची तो क्षमा मागतो. इथे कुणी टाळ्या वाजवत नाही.

या मालिकेच्या लेखनाला अमेरिकेतला डेटाइम एमी पुरस्कार मिळाला, त्यात या भागाचा वाटा मोठा मानतात. पुढे चित्रकथांनी आणि १९९७ च्या 'बॅटमन अँड रॉबिन' या चित्रपटानेही फ्रीझची हीच नवी गोष्ट स्वीकारली. १९९८ साली 'सबझीरो' नावाचा कार्टूनपट निघाला. त्यात कळतं, की नोरा अजून यंत्रात आहे. तिला वाचवायला दुसऱ्या कुणाचा तरी अवयव हवा. म्हणून फ्रीझ बार्बरा गॉर्डन या मुलीला पळवून आणतो. अवयव काढला तर ती मरेल, हे माहीत असूनही! ती त्या पोलीस कमिशनरांची लेक. म्हणजे आपली बायको वाचवण्यासाठी दुसऱ्याची लेक मारायला निघाला. शेवटी नोरा बरी होते, पण ती बॅटमनच्या, म्हणजे ब्रूस वेनच्या कंपनीने केलेल्या मदतीतून. फ्रीझ ही बातमी बाहेर बर्फात उभा राहून, खिडकीतून दिसणाऱ्या टीव्हीवर बघतो. आणि रडतो. नोरा बरी झाली, पण त्याला तिच्याजवळ जाता येत नाही.

आपला कर्ण आठवतोय?

हे सगळं परदेशातलं झालं. पण असा माणूस आपल्या ओळखीचाही आहे की! महाभारतातला कर्ण. जन्मताच आईने नदीत सोडलं. अंगात एवढं कर्तृत्व, तरी भर सभेत 'सूतपुत्र' म्हणून हिणवलं गेलं. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' ही कादंबरी १९६७ साली आली, आणि मराठी घराघरांतून कर्णासाठी डोळे ओले झाले. तुमच्या आजी-आजोबांना विचारून बघा!

पण त्याच कर्णाने द्यूतसभेत द्रौपदीचा अपमान केला. एकट्या अभिमन्यूला ज्यांनी घेरलं त्यांत तोही होता. कर्णासाठी वाईट वाटतं तेही खरं, आणि द्रौपदीवर झाला तो अन्याय, हेही खरं. एक खरं मानलं म्हणून दुसरं खोटं होत नाही.

आता तो अवघड प्रश्न

मुलांनो, तुमच्या वर्गातही एखादा मिस्टर फ्रीझ असेल. विनाकारण ढकलणारा, डबा हिसकावणारा, चिडवणारा. त्याचीही एखादी टेप असेल. कदाचित घरी रोज भांडणं होत असतील. कदाचित मागच्या वर्षी सगळे त्याच्यावर हसले असतील. ती टेप आपण बघायची की नाही?

बघायची. आणि बघितल्यावर त्याचं डबा हिसकावणं चालवून घ्यायचं की नाही?

नाही चालवून घ्यायचं! त्याच्याशी दोन शब्द प्रेमाने बोला, खेळायला घ्या, पण चुकीला चूक म्हणा. आणि कुणी फारच त्रास देत असेल तर बाईंना, आईबाबांना सांगा. ती चहाडी नव्हे. बॅटमनने टेप वार्ताहराला दिली, ती काय चहाडी होती?

कधी कधी तर आपणच मिस्टर फ्रीझ होतो. बाबा रागावले म्हणून धाकट्या बहिणीला धपाटा. मैत्रीण बोलली नाही म्हणून तिची वही लपव. आपल्याला लागलं होतं हे खरं, पण बहिणीचा त्यात काय दोष?

आईबाबांसाठी दोन शब्द

पालकहो, मूल खलनायकासाठी रडलं तर 'कार्टून बघून बिघडलं' असं घाईने म्हणू नका. दुसऱ्याच्या मनात शिरता येणं ही मोठी गोष्ट आहे, आणि ती पाढ्यांसारखी पाठ करून येत नाही. "त्याचं काय झालं असेल?" असं मूल विचारतं तेव्हा ते शिकतच असतं. फक्त पुढचा प्रश्न तुम्ही विचारा, "आणि त्याच्यामुळे ज्यांना लागलं, त्यांचं काय?"

घरात दोन भावंडांची मारामारी झाली तरी हेच दोन प्रश्न उपयोगी पडतात. तुला काय झालं होतं? आणि तू काय केलंस? पहिला गाळला तर मूल मनात कुढतं. दुसरा गाळला तर त्याला वाटतं, दुःख झालं की काहीही केलेलं चालतं.

या आठवड्याचा खेळ

एक कागद घ्या. तुम्हांला ज्या खलनायकाचं वाईट वाटलं त्याचं नाव वर लिहा. कार्टूनमधला, पुराणातला, सिनेमातला, कुठलाही चालेल. खाली तीन रकाने आखा.

पहिला : त्याला काय झालं?

दुसरा : त्याने काय केलं, आणि कुणाला लागलं?

तिसरा : त्याला दुसरं काय करता आलं असतं?

पहिले दोन पटापट भरतील. तिसऱ्याला वेळ लागेल, पेन्सिल चावावी लागेल! घरच्यांना बोलवा, वाद घाला. मिस्टर फ्रीझचा तिसरा रकाना आमच्या वर्गाने फळ्यावर भरला, तेव्हा सगळ्यात आधी सुचलेलं उत्तर होतं, "त्याने ती टेप आधीच कुणालातरी दाखवायची होती."

तुम्हांला काय सुचतंय?